निऱ्यांखाली दडवलेला काठ

फलटणमधलं एक छोटं दुकान डोळ्यांसमोर आणा. घाई करू नका, दुकान कुठं पळून जात नाही. प्लास्टिकच्या पिशव्या अजून आलेल्या नाहीत. साखर, चहा, डाळ सगळं कागदाच्या पुडीत बांधून द्यायचं. कागद म्हणजे रद्दीतली वर्तमानपत्रं. गल्ल्याशी एक बाई बसली आहे. गिऱ्हाईक नसलं की ती पुडीसाठी फाडलेला तोच कागद वाचते: अर्धी बातमी, शेवट नसलेली गोष्ट, कुणाच्या तरी भाषणाचा मधलाच तुकडा. आणखी सवड मिळाली की लिहिते. लिहिलेलं घरातल्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून लपवून ठेवते.

ह्या बेबीताई कांबळे. त्यांचं लेखन सुमारे 20 वर्षं असं दडून राहिलं. फलटणलाच राहून शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना ते कळलं, त्यांनी छापायचा आग्रह धरला, आणि 1982 साली ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः येऊ लागलं. 1986 साली त्याचं पुस्तक झालं, ‘जिणं आमुचं’. आज ते विद्यापीठांतून शिकवतात, त्यामुळे ते पुस्तक होणारच होतं असं आपल्याला वाटून जातं. पण 20 वर्षांत घराला काय काय होतं ते आठवा. वाळवी लागते. छपराला गळती लागते. दिवाळीच्या आवराआवरीत कुणीतरी म्हणतं, हे कागद कसले, टाका बंबात.

आता डोळे मिटायचे असतील तर मिटा, सक्ती नाही. हे मनन उघड्या डोळ्यांनीही होतं, किंबहुना तसंच बरं होतं.

पहिला प्रश्न एवढाच घ्या: ती वही लपवली कुणापासून? सरकारपासून नाही, गावच्या पाटलापासूनही नाही. घरच्यांपासून. आणि घरचे काही वाईट होते म्हणूनही नव्हे. बाईनं बसून लिहावं, तेही घराबद्दल लिहावं, ही गोष्टच घराच्या हिशेबात कुठं बसत नव्हती. कुटुंबाची आठवण कुटुंब जपतं असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं उलट आहे. घर आठवण गाळत असतं, रोज, निमूटपणे. ती टिकते तेव्हा कुणीतरी एका माणसानं घराची नाराजी पत्करलेली असते. या वाक्यावर लगेच मान डोलवू नका आणि लगेच वादही घालू नका. ते जरा बाजूला ठेवा. आपल्या घरातलं असं माणूस कोण, असेल तर त्याचं नाव मनात येऊ द्या. न आलं तर रिकामी जागा तशीच राहू द्या.

पुढं जाऊ. त्या वहीत काय होतं?

आजोळच्या वीरगावातला महारवाडा होता. आषाढातल्या जत्रा, पोतराज, अंगात येणं, उपास आणि उपासमार यांच्यातला पुसट फरक. आणि एक बारीकसा तपशील होता, ज्याच्यापाशी मला तुम्हाला बसवायचं आहे. महारणीनं लुगडं नेसताना काठ दिसू द्यायचा नाही. काठ निऱ्यांच्या आत दडवायचा. काठ मिरवायचा मान वरच्या जातींच्या बायकांचा.

हे चित्र हळूहळू पाहा. पहाटेचा अंधार. नेसायला लुगडं कदाचित एकच. बाई निऱ्या घालते आणि बोटांनी काठ आत दुमडते. कुणी पहारा देत उभं नाही. तिला विचार करावा लागत नाही, बोटं करतात. तिच्या आईच्या बोटांनी हेच केलं, तिनं लेकीला नेसायला शिकवलं तेव्हा हेही शिकवलं, बहुधा काही न बोलता. जातीचा इतिहास वाचताना आपण कायदे, ग्रंथ, आंदोलनं वाचतो. हा कायदा कुठल्याही चोपडीत नव्हता. तो बोटांत होता. बोटांतला कायदा मोडला, की तो कधी होता हे दोन पिढ्यांत कुणाला खरंही वाटत नाही. बेबीताईंनी तो लिहिला म्हणून तो ‘होता’ हे आज आपल्याला सांगता येतं.

आपल्या घरातल्या बोटांमध्ये काय आहे? कुणासमोर पदर डोक्यावर जातो? कोणत्या पाहुण्याला कोणत्या भांड्यात पाणी जातं, किंवा जात असे? आडनाव ऐकल्यावर चेहऱ्यावर जे क्षणभर हलतं, ते कुणी शिकवलं? उत्तर शोधू नका. नुसतं पाहा, की हात काही गोष्टी आपल्याला न विचारता करतात.

बेबीताईंनी आणखी एक गोष्ट लिहिली, आणि तिची किंमत जास्त होती. नांदायला न टिकणारी, पळून माहेरी येणारी सून पुन्हा पळू नये म्हणून तिच्या पायात लाकडाचा जड खोडा अडकवत. हे गावानं केलेलं नव्हे, वाड्यातल्याच माणसांनी केलेलं. बाहेरच्यांनी केलेला अन्याय लिहिताना आपली माणसं पाठीशी उभी राहतात. आपल्याच माणसांनी केलेला लिहायला घेतला की तीच माणसं पाठ फिरवतात. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ 2003 साली आलं. कोकणातल्या फणसवळ्याची, बांबूच्या टोपल्या विणून मुलांना वाढवणारी आई त्यात आहे, आणि स्वतःच्या संसारातली, चळवळीतल्या पुरुषांकडून झालेली कुचंबणाही आहे. या दोघींनी वापरलेलं धाडस मला पुष्कळदा रस्त्यावरच्या धाडसाहून अवघड वाटतं. मोर्चा संपला की माणूस घरी जातो. इथं घरातच होतं सगळं.

पुन्हा लुगड्याकडे येऊ, काळ मागे नेऊन.

डिसेंबर 1927. महाड. चवदार तळ्याचा मार्चमधला सत्याग्रह होऊन गेला आहे. हा दुसरा मुक्काम, मनुस्मृतीचं दहन झालं तो. परिषदेला बायका आल्या होत्या. बाबासाहेब त्यांच्याशी वेगळे बोलले. तुमच्या नेसण्यावरून, दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते बदला, लुगडं पायघोळ नेसा, असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं. दुसऱ्या दिवशी त्या बायका तशा नेसून आल्या.

तळ्याचं पाणी, दहन झालेला ग्रंथ, भाषणं, ठराव यांची नोंद झाली. व्हायलाच हवी होती. पण त्या रात्री बायकांच्या राहुट्यांत काय झालं असेल, यावर जरा बसा. गुडघ्यावर नेसायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. घोट्यापर्यंत सोडलं की पायात अडकणार, चालताना ठेच लागणार. एकीनं दुसरीच्या निऱ्या ओढून सारख्या केल्या असतील. कुणी हसलं असेल, कुणी घाबरलं असेल: गावी परत जायचंय, तिथं काय म्हणतील? एका रात्रीत बोटांना नवं शिकवायचं होतं. हे मी कल्पनेनं भरतो आहे, तुम्हीही भरा. पण भरताना ध्यानात ठेवा की आपण भरतो आहोत. ज्यांना आठवत होतं, त्यांना फार उशिरा विचारलं गेलं.

विचारलं ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवर पुस्तक करायचं म्हणून दोघी हिंडल्या, जुन्या अंकांतून नावं शोधली, हयात असलेल्या बायकांची घरं शोधली. 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ प्रसिद्ध झालं. स्टेशनवर ओझी वाहून पोट भरणाऱ्या आणि पुढं नागपुरात मुलींची शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी त्यात भेटतात. 1942 साली नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे भेटतात. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातल्या, परिषदांतल्या, वसतिगृहं चालवणाऱ्या बायका भेटतात. या स्त्रिया इतिहासात नव्हत्या असं नव्हे. सभेच्या बातमीत त्या ‘स्त्रियाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ एवढ्या जागेत होत्या. त्या एका ओळीतून माणसं बाहेर काढायला दोघींना वर्षं लागली.

अशा मुलाखती ज्यांनी घेतल्या आहेत त्यांना हा प्रसंग ओळखीचा असेल. म्हातारी खाटेवर बसलेली. तिला प्रश्न विचारला की उत्तर मुलगा देतो. तिला काही आठवत नाही हो, आमच्या वडिलांबद्दल विचारा, ते होते चळवळीत. म्हातारी गप्प. मग सून चहा टाकायला आत जाते, मुलाला कुणाची तरी हाक येते, तो बाहेर जातो. म्हातारी बोलायला लागते. पहिल्यांदा इकडचं तिकडचं, कोण आजारी आहे, पाऊस कसा झाला. मग एकदम, मध्येच, कुठल्या तरी साठ वर्षांपूर्वीच्या स्टेशनचं नाव.

इथं थांबायला हवं. त्या म्हातारीला आठवत नव्हतं का? आठवत होतं. सांगायचं नव्हतं का? तसंही नाही. तिची आठवण म्हणजे विचारण्याजोगी गोष्ट आहे असं तिला आजवर कुणी भासवलंच नव्हतं. विचारणारा आला, की आठवण आधी घाबरते. माझ्यात काय आहे सांगण्यासारखं? हे वाक्य तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलं आहे? त्यावर तुम्ही काय म्हणालात? बहुतेक जण हसून विषय बदलतात. मी त्यांत आहे की नाही, ते इथं महत्त्वाचं नाही.

आता आवाजाकडे वळू, कारण सगळ्यांच्या हाती वही नव्हती.

पहाटेचं जातं. दोघी समोरासमोर बसल्या आहेत किंवा एकटीच आहे. खुंट्याला हात, जात्याच्या तोंडात ओंजळभर दाणे, आणि ओवी. ओवीत नाव घ्यायला मोकळीक असते: माहेरचं, भावाचं, विठ्ठलाचं, सासूचंसुद्धा. दळण घरचं होतं, पण ऐकायला घर जागं नसायचं. पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइतवाँ यांनी ‘गरीब डोंगरी संघटना’ या संघटनेबरोबर काम करताना या ओव्या जमवायला सुरुवात केली. मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायका संघटनेत येत, बैठकांत बोलायला संकोचत, आणि ओवी म्हणायला लागल्या की थांबत नसत. संकलन वाढत महाराष्ट्रभर गेलं, 1 लाखाच्या वर ओव्या झाल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या, आणि 2017 पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात, गाणारीच्या नावासह, गावासह. नाव आणि गाव लावणं ही किरकोळ बाब नाही. लोकसाहित्याच्या जुन्या संग्रहांत ओव्या ‘लोकांच्या’ असत. बाईची ओवी घेतली जाई आणि बाई राहून जाई.

त्या लाखभर ओव्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. आणि तिथं तो पुष्कळदा भाऊ असतो. माहेरी असणारा, बहिणीला न विसरणारा. राज्यघटना, गोलमेज परिषद, कोलंबिया विद्यापीठ, सगळं या एका नात्यात उतरलेलं.

भाऊ का? कारण ओवीत बाईला ज्याच्यावर हक्क सांगता येतो असा माणूस भाऊच. नवऱ्यावर हक्क नव्हता, बापाचं घर सुटलेलं. जी ओवी सख्ख्या भावासाठी पिढ्यान्‌पिढ्या म्हटली, तिच्यात नवा भाऊ सहज बसला. कुटुंबाची आठवण आणि समाजाची आठवण अशा दोन वेगळ्या गोष्टी अभ्यासकांना दिसतात. दळणारीला दिसत नव्हत्या.

आपल्या घराच्या भिंतीकडे पाहा. कुणाचे फोटो आहेत? पणजोबा, आजी, लग्नातला जोडप्याचा, परदेशातल्या नातवंडांचा. आता महाराष्ट्रातल्या हजारो घरांची भिंत मनात आणा जिथं पणजोबांचा फोटो नाही, कारण तो कधी काढलाच नव्हता. स्टुडिओत जाऊन फोटो काढायला पैसे लागतात, अंगावर कपडे लागतात, आणि आपला चेहरा जपून ठेवण्याजोगा आहे हा विश्वास लागतो. त्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, शेजारी रमाई, बुद्ध. बाहेरचा माणूस ही भक्ती समजतो, किंवा राजकारण समजतो. मला ती पूर्वजांची जागा वाटते. ज्या घराला आपल्या पणजोबांचा चेहरा ठाऊक नाही, त्या घरानं एक चेहरा पणजोबा म्हणून लावला. त्याला बाप म्हणतात ते नुसतं गाण्यातलं म्हणणं नाही.

म्हणून 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, दादरला येणारी माणसं पर्यटकासारखी वागत नाहीत. तान्ही पोरं कडेवर घेऊन, भाकरी बांधून आलेली माणसं रात्रभर रांगेत उभी राहतात. परतताना पुस्तकं घेऊन जातात. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांची गर्दी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा जाऊन पाहावी. वाचता न येणारी म्हातारी नातवासाठी पुस्तक घेते, किमतीवरून घासाघीस करते, पिशवीत तळाशी ठेवते. जवळच इंदू मिलच्या जागेवर भव्य स्मारक उभारायचं काम चालू आहे, 2015 साली त्याचं भूमिपूजन झालं. होवो. पुतळ्याच्या उंचीवर वर्षानुवर्षं चर्चा होते. त्या पिशवीच्या तळाशी काय गेलं याची मोजदाद कुणी ठेवत नाही. (मुंबईकरांचं लक्ष त्या दिवशी मुख्यतः वाहतुकीकडे असतं, हेही लिहून ठेवायला हरकत नाही. तीही या शहराची एक सामूहिक आठवण आहे.)

इतकं सांगितल्यावर उलट बाजूनं बसणं भाग आहे. सगळंच का आठवायचं?

14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतरानंतर घराघरांतून देव्हारे उठले. टाक, तसबिरी, परड्या नदीत गेल्या. मेलेलं ढोर ओढणं, मागून आणलेली भाकर खाणं, ही कामं सोडा असं बाबासाहेब आधीपासून सांगत होते. लोकांनी ती सोडली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची नावंही जिभेवरून उतरवली. मुलांची नावं बदलली, आडनावं बदलली. हे विसरणं हलगर्जीपणाचं नव्हतं. कष्टानं, ठरवून केलेलं होतं. म्हणून 1978 साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं तेव्हा शिकून नोकरीला लागलेल्या, वसाहतीत राहायला गेलेल्या काही घरांतून नाराजी उमटली. जे मुलांपासून लपवलं ते हा माणूस चव्हाट्यावर मांडतो आहे, अशी ती होती.

त्या नाराजीला पटकन बुरसटलेली म्हणू नका. तिच्याजवळ बसा. एक बाप कल्पा. ऑफिसात कारकून, पांढरा सदरा. त्यानं मुलाला गावाचं नाव सांगितलं आहे, वाड्याचं सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, ही कळ माझ्यापाशी संपली पाहिजे. मुलानं तिच्याशिवाय मोठं व्हावं. यात चूक काय? मला त्या बापाचं म्हणणं आजही पूर्ण खोडून काढता येत नाही. विसरण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे, आणि ज्यांच्यावर आठवण लादली गेली, तुझी जागा आठव म्हणून पदोपदी सांगितलं गेलं, त्यांचा तर जास्तच.

पण मुलगा मोठा होतो, कॉलेजात जातो, आणि तिथं त्याला कुणीतरी त्याचं आडनाव विचारतं. आता त्याच्यापाशी कळ आहे, गोष्ट नाही. लोक विसरलेले नाहीत, घर तेवढं विसरलं. माझं मत विचाराल तर तराजू इथं थोडा कलतो. इतरांना आठवत असेल तर आपण विसरून भागत नाही. तरीही, मुलाला केव्हा आणि किती सांगायचं हे त्या बापाला बाहेरून कुणी शिकवू नये.

आता एक मरण. सावकाश वाचा.

11 जुलै 1997 च्या सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला, 10 माणसं मेली. चार दिवसांनी, 15 जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. आयुष्य डाव्या चळवळीत, कामगारांसाठी गाण्यात गेलेलं. जाताना त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली होती.

आनंद पटवर्धनांनी 1985 साली मुंबईतल्या झोपडपट्ट्यांवर ‘हमारा शहर’ हा माहितीपट केला होता, त्यात घोगरे गायले होते. गाणारा गेला, चित्रफीत उरली. पटवर्धन कॅमेरा घेऊन पुन्हा बाहेर पडले, आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला 14 वर्षं लागली. 2011 साली तो झाला, सव्वातीन तासांहून थोडा मोठा. पहिला खेळ एखाद्या वातानुकूलित सभागृहात न होता भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाला, आणि नंतर वस्त्यावस्त्यांतून होत राहिला.

14 वर्षं एका विषयाशी कॅमेरा घेऊन थांबायचं म्हणजे काय, ते मनात धरून पाहा. बातमीचं आयुष्य आठवडाभर. चौकशी आयोगाचा अहवाल येतो, खटला उभा राहतो. 2009 साली सत्र न्यायालयानं पोलीस उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली, पुढं त्याला जामीन मिळाला. दरम्यान वस्तीतली पोरं तरणी होतात, विधवा म्हाताऱ्या होतात, नेते पक्ष बदलतात, शत्रूंशी युत्या करतात. हे सगळं त्या माहितीपटात आहे, कारण करणारा घाईत नव्हता. गोळीबार हा त्याचा एक विषय. काळ माणसांना काय करतो हा दुसरा, आणि मला तरी मोठा. पडद्यावर घोगरे गातात तेव्हा समोरच्या प्रेक्षकांत त्यांना ओळखणारे बसलेले असत. तिथं तो सिनेमा राहत नाही, घरातला कुणी भेटून गेल्यासारखं होतं.

मेलेल्या 10 जणांपैकी किती नावं तुम्हाला ठाऊक आहेत? मी इथं ती देत नाही. ती त्यांच्या घरांची आहेत. एकही ठाऊक नसेल तर अपराधी वाटून घेण्यात वेळ घालवू नका. फक्त विचारा, की त्या वर्षातली दुसरी कोणती नावं आपल्याला पाठ आहेत आणि ती पाठ कुणी करून घेतली.

शेवटी, ज्या घरात हे काहीच घडलं नाही असं समजलं जातं, त्या घरात जाऊ. कदाचित ते तुमचंच असेल.

दलित आत्मकथनांत एक कपबशी पुन्हापुन्हा येते. कान तुटलेली, पडवीत किंवा गोठ्याच्या वळचणीला पालथी ठेवलेली. चहा वरून ओतायचा, प्यायलेल्यानं ती स्वतः विसळून जागेवर ठेवायची. शेकडो पानांवर ती आहे. आता वरच्या जातींतल्या लेखकांच्या आठवणी काढा: वाडा, आजीचे लाडू, परसातला आंबा, गणपतीची आरास, कोजागरीचं दूध. किती सुंदर लिहिलं आहे आपल्या लोकांनी! आणि त्या पडवीत कपबशी शोधा. क्वचित सापडते. पण ती कुणाच्या तरी घरातच होती ना? कुणीतरी ती धुवून वेगळी ठेवली, कुणीतरी चहा ओतला. पिणाऱ्याला आठवतं, ओतणाऱ्याला आठवत नाही. ही स्मरणशक्तीची बाब नव्हे.

1972 पासून बाबा आढाव आणि त्यांचे सहकारी ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरले. त्यांचं काम पुष्कळसं विचारण्याचंच होतं. या विहिरीवर कोण भरतं? कोण भरत नाही? का? ज्या गावात आमच्याकडे तसलं काही नाही असं सांगितलं जाई, तिथं ते विहिरीवर जाऊन उभे राहत. चळवळ म्हटलं की घोषणा आठवतात. मला हा विचारून थांबणारा माणूस आठवतो. बेबीताईंच्या मागे लागलेल्या मॅक्सीन, खाटेशेजारी बसलेल्या उर्मिलाताई आणि मीनाक्षीताई, जात्याशी टेकलेल्या हेमाताई, सगळ्यांचं काम एकच.

तेव्हा आता विचारायचं आहे. आजच्या आज नव्हे. पण ज्यांना विचारायचं त्यांच्या वयाकडे पाहून फार लांबवूही नका.

घरातल्या सर्वांत थोरल्या बाईकडे जा. मोबाईलमध्ये ध्वनिमुद्रण सुरू करा, आणि तिला सांगून सुरू करा. मोठे प्रश्न विचारू नका. तुमचं जीवन कसं होतं याला कुणापाशी उत्तर नसतं. पाणी कुठून आणायचात, हे विचारा. विहिरीवर कोण कोण यायचं आणि कोण येत नसे. लग्नाआधीचं नाव काय, ते कुणी बदललं. लुगडं कसं नेसायचात, काठ कुठं असायचा. दाराशी कोण यायचं, आत कुठपर्यंत यायचं, त्याला चहा कशातून द्यायचे. महारवाड्यातली असाल तर हेच प्रश्न दाराच्या दुसऱ्या बाजूनं विचारा. मुलगा उत्तर द्यायला लागला तर त्याला काहीतरी आणायला बाजारात पाठवा.

ती गप्प बसली तर बसू द्या. मध्ये शब्द पुरवू नका. रडली तर ध्वनिमुद्रण थांबवायचं का, ते तिलाच विचारा. आम्ही तसलं काही करत नसू, असं म्हणाली तर वाद घालू नका, पुढचा प्रश्न घ्या. कपबशीची जागा पुष्कळदा आंब्याच्या गोष्टीतून निघते. एखादी गोष्ट सांगून झाल्यावर ती म्हणाली, हे मात्र लिहू नकोस, तर लिहू नका.

मग वहीत उतरवा. वर तारीख घाला, गाव, तालुका, तिचं दोन्हीकडचं नाव. खोलीत आणखी कोण होतं तेही. तिनं वापरलेला शब्द तिचाच ठेवा, आपला चांगला शब्द घालू नका. जिथं उत्तर मिळालं नाही तिथं प्रश्न लिहा आणि पुढची ओळ कोरी सोडा. वहीची एक प्रत करून घराबाहेरच्या कुणाकडे तरी ठेवायला द्या.